टू-बीत सगळं हिरवं: नौपाड्यातल्या एका आर्टिकलशिपचं प्रकरण

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीचं २०२३-२४ चं वैधानिक ऑडिट आमच्याकडे होतं. खरेदीची बिलं ३९१. त्यांतली ३८६ टू-बीशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या तक्त्याशी, आपसूक जुळली होती आणि उरलेल्या पाचांचा गुंता आमच्या आर्टिकलने, म्हणजे सीए होण्यासाठी शिकाऊ असलेल्या मुलाने, दीड दिवस बसून सोडवला होता. पडद्यावर सगळं हिरवं. शनिवारी, १४ तारखेला, सही करायची ठरलेलं. बुधवारी संध्याकाळी तो रबाळ्याहून परत आला आणि बॅग खाली ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, मोजणी झाल्यावर जी प्लेट आली, ती आपण कुठं धरलीय?"

आम्ही ती लोखंडी प्लेट खरेदीत धरली होती. साठ्यात नव्हती.

हे टिपण मी मुळात आमच्या ऑफिसातल्या मुलांसाठी लिहिलं. मग वाटलं, ज्यांच्याकडे शिकाऊ मुलं येतात अशा कुणालाही ते वाचता यावं, मग तो वकील असो, आर्किटेक्ट असो की प्रयोगशाळा चालवणारा. म्हणून आमच्या धंद्यातले शब्द थोडे उकलून सांगते. ग्राहकाची ओळख पटू नये म्हणून आकडे बदललेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तेच ठेवलंय.

ऑफिस आणि त्यातलं काम

ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या बाजूला, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही दोघे भागीदार, चार आर्टिकल, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारे एक काका. काका सीए नाहीत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहून निवृत्त झाले. माझ्या भागीदाराला ते 'अरे' म्हणतात, मला 'मॅडम' म्हणतात, आणि दोघांनाही सारखंच दटावतात.

मी स्वतः १९९६ ते १९९९ या काळात ठाण्यातच आर्टिकलशिप केली. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलाला एकच काम: वाउचिंग. समोर बॉक्स फाइल, हातात हिरवी पेन्सिल, प्रत्येक बिल वहीतल्या नोंदीशी ताडायचं आणि टिक मारायची. बेरजेची टिक वेगळी, पोस्टिंगची वेगळी. पुढे व्हॅट आला, त्याच्या ऑडिटचा फॉर्म ७०४ आला, आणि मुलं जे-१, जे-२ ही परिशिष्टं जुळवत रात्री दहा-दहापर्यंत बसू लागली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा तीच मुलं टू-ए, म्हणजे टू-बीच्या आधीचा तसलाच तक्ता, एक्सेलमध्ये उतरवून जुळवणीसाठी व्ही-लुकअप लावायला लागली. ऑगस्ट २०२० पासून टू-बी मिळू लागलं. पुरवठादारांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेली बिलं आपल्या नावावर गोळा होऊन येतात, तो हा तक्ता. महिन्याचा तक्ता तेव्हा ठरलेल्या तारखेला तयार व्हायचा आणि मग हलायचा नाही. १ जानेवारी २०२२ पासून तर कायद्यानेच सांगितलं की बिल तिथं दिसलं नाही तर त्या खरेदीवर दिलेल्या कराची जमा (इनपुट टॅक्स क्रेडिट) मिळणार नाही. त्यामुळे 'टू-बीत आहे का?' हा आमच्या ऑफिसातला दिवसातून पन्नास वेळा विचारला जाणारा प्रश्न झाला.

२०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही एक सॉफ्टवेअर घेतलं. ते बिलाची पीडीएफ वाचतं, ई-इन्व्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाचा) क्यूआर कोड वाचतं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली नोंद आणि टू-बी यांच्याशी ताडतं, आणि जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल दाखवतं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झाल्यामुळे आमच्या बहुतेक ग्राहकांची बिलं या यंत्राला सहज वाचता येऊ लागली. रबाळ्याच्या या कंपनीच्या वाउचिंगला आधी एका मुलाचे नऊ दिवस जात, टू-बी जुळवायला चार. आता सगळं मिळून एक दुपार.

आम्ही खूश होतो. मी तर सगळ्यात जास्त.

तो

आर्टिकल कळव्याचा. सीएच्या इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप पहिल्या फटक्यात काढून फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याकडे रुजू झाला. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षांवर आली, त्या योजनेतली ही आमची पहिली तुकडी. ही तारीख मुद्दाम सांगते. आमच्या ऑफिसात यंत्र आलं आणि शिकण्याचं एक वर्ष गेलं, हे दोन्ही एका वर्षाच्या आत घडलं. तेरा दिवसांचं काम एका दुपारवर आल्यावर वाचलेल्या बारा दिवसांत मुलाने काय करायचं, हे आम्ही ठरवलं नाही. ते बारा दिवस दुसऱ्या ग्राहकांच्या दुपारींनी भरून गेले. सहा महिन्यांत त्याने अकरा कंपन्यांची बिलं जुळवली होती आणि त्यांतल्या एकीचाही कारखाना पाहिला नव्हता.

मुलगा कामाला चोख. लाल दिसलं की सोडत नाही. त्या पाच बिलांपैकी दोनांत जीएसटी क्रमांकाचा एक आकडा चुकला होता, एकात पैशांची गोळाबेरीज, उरलेल्या दोनांत पुरवठादाराने बिल पुढच्या महिन्यात दाखवलं होतं. पाचांची मिळून किंमत ४१ हजार रुपये. त्यासाठी त्याने चार फोन केले, दोन मेल लिहिले, आणि फाइलला नीटनेटका कागद लावला.

ज्या दोन बिलांत खरी गोम होती ती २१ लाखांची होती आणि हिरव्या रांगेत होती. हिरव्यावर कुणी क्लिकही करत नाही. मीही केलं नव्हतं.

रबाळे, ११ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. चतुर्थी ७ तारखेला झाली होती, आमचा सीनियर कोकणात गेलेला, अर्धं ऑफिस रिकामं. व्यवस्थापनाच्या पत्रावर मालकांची सही आणायची होती आणि वर्षात घेतलेली पत्रा वाकवायची नवी प्रेस ब्रेक यंत्रं जागेवर आहेत का हे बघायचं होतं. तसं फोटो मागवूनही भागलं असतं. पण मालक म्हणाले, "पोरगा पाठवा, सही घेऊन जाईल, प्रसादही घेईल." म्हणून तो गेला. ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बरची गाडी, ऐरोलीनंतर रबाळे, तिथून रिक्षा. आमच्या ऑफिसापासून पाऊण तासात पोचता येतं. इतक्या जवळ, आणि चार वर्षांत आमचं कुणी गेलं नव्हतं.

कारखान्यात पाच दिवसांचा गणपती, विसर्जन त्याच दिवशी. यंत्रं बघून झाल्यावर तो स्टोअरच्या खोलीत बसला. तिथले स्टोअरकीपर, सगळे त्यांना 'दादा' म्हणतात, मोदक पुढे करत त्याला म्हणाले, "तुम्ही ऑडिटवाले का? मग आमच्या मालकांना सांगा जरा. मोजणी रविवारी उरकली. सगळी शेड झाडून, थप्प्या लावून ठेवल्या. अन् बुधवारी दोन गाड्या प्लेट आणून आदळली. जागाच नाही, रस्त्यावर उतरवली. वर म्हणतात, ही मागच्या वर्षातली. अहो, मागच्या वर्षातली असती तर मी मोजली नसती का?"

त्याने ते ऐकून घेतलं. तिथं लगेच काही कळलं नाही, असं तो स्वतःच सांगतो. परतीच्या गाडीत, ऐरोली सोडल्यावर, 'मोजली नसती का' हे वाक्य डोक्यात अडकलं. मोजणी रविवारी म्हणजे ३१ मार्चला. बुधवार म्हणजे ३ एप्रिल. मग 'मागच्या वर्षातली' म्हणजे काय?

कागद काय म्हणत होते

दुसऱ्या दिवशी आम्ही फाइल पुन्हा उघडली. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका व्यापाऱ्याची दोन बिलं, दोन्ही ३० मार्च २०२४ ची. एकात १८,४०० किलो एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, दुसऱ्यात १९,२५० किलो, भाव किलोला ५६ रुपये. मालाची किंमत २१,०८,४००, त्यावर १८ टक्क्यांनी कर ३,७९,५१२. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन, म्हणजे पोर्टलने दिलेला नोंदणी क्रमांक, ३० मार्चचा, टॅलीतली नोंद ३० मार्चची, व्यापाऱ्याने रिटर्नमध्ये दाखवलं मार्चमध्ये, आपल्या टू-बीत आलं मार्चचं. चारही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळणारे. सॉफ्टवेअरची कट-ऑफ तपासणी (व्यवहार योग्य वर्षात धरलाय का ही) म्हणजे बिलाची तारीख आणि नोंदीची तारीख एकाच वर्षात आहेत का, एवढंच. त्या होत्या.

आता न बघितलेले कागद. ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद, ३ एप्रिलचं. ते पीडीएफमध्ये, त्याच फोल्डरमध्ये, पहिल्या दिवसापासून पडून होतं. यंत्राला ते वाच असं कुणी सांगितलं नव्हतं. गेटच्या वहीत दोन्ही गाड्यांची आवक ३ एप्रिल, दुपारी तीन नंतर. काटा पावत्यांवरही ३ एप्रिल.

मालकांच्या मनात काही काळं नव्हतं. व्यापाऱ्याला वर्षअखेरीचा आकडा गाठायचा होता. 'तीस तारखेला बिल फाडू द्या, टनामागे सूट देतो, माल चार दिवसांनी टाकतो' असा सौदा झाला. हिशेबनिसाने मेलवर आलेलं बिल चढवलं. लबाडी करायची असती तर दादांनी मोदकासोबत ती गोष्ट सांगितली असती का?

पण परिणाम व्हायचा तो झालाच. खरेदीत २१ लाख आले, ३१ मार्चच्या साठ्यात ती प्लेट नाही, म्हणजे हिशेबात ती वर्षभरात वापरून संपली. नफा तेवढ्याने कमी. करपूर्व नफा ३४.६० लाख दिसत होता, तो खरं म्हणजे ५५.६८ लाख. माल कारखान्यात पोचवून द्यायचा असा सौदा असल्यामुळे ३१ मार्चला तो आपला झालेलाच नव्हता, म्हणून आम्ही खरेदी आणि व्यापाऱ्याचं देणं दोन्ही उलटवलं. सौदा वेगळा असता तर वाटेतला माल म्हणून साठ्यात धरावा लागला असता. नफा दोन्ही वाटांनी तेवढाच निघतो.

जीएसटीतही गोची होती. कलम १६(२)(ब) सांगतं, माल मिळाल्याशिवाय कराची जमा घेता येत नाही. ६ जुलै २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी जमा त्या महिन्यात उलटवायची आणि माल आल्यावर परत घ्यायची. इथं मार्चच्या रिटर्नमध्येच घेऊन वापरली होती. महिन्याभराचं व्याज १८ टक्क्यांनी जेमतेम साडेपाच हजार, ते डीआरसी-०३ या जीएसटीच्या फॉर्मने भरून टाकलं. खरा झटका आयकराचा. कंपनी २२ टक्क्यांच्या योजनेत, अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३१ हजार रुपये जास्त. पुढच्या वर्षी तो तेवढाच कमी होणार हे खरं, पण ऐन सणात पाच लाखांची सोय करायला सांगितल्यावर कुणाला गोड वाटणार? मालक फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते: "मॅडम, बिल मार्चचं. पोर्टलवर मार्चमध्ये दिसतंय. सरकारलाच मान्य आहे, मग तुमची हरकत काय?"

हा प्रश्न मला अजून पुरेसा खोडता आलेला नाही. पोर्टलवर दिसतं ते खरं, अशी सवय मालकांना लागली, हिशेबनिसाला लागली, आणि आमच्या मुलालाही आम्हीच लावली.

मोजणीला आम्ही होतो

आता आमची चूक. ऑडिटच्या एसए ५०१ या मानकाप्रमाणे साठा महत्त्वाचा असेल तर मोजणीच्या वेळी ऑडिटरने हजर राहायचं असतं. ३१ मार्चला आम्ही हजर होतो. व्हिडिओ कॉलवर. करोनाच्या काळात सोय म्हणून ते सुरू झालं आणि रविवारी कुणाला घराबाहेर पडायला नको म्हणून चालू राहिलं. आमच्याच दुसऱ्या एका आर्टिकलने घरून कॉल लावला, दादांनी फोन हातात धरून शेड फिरवून दाखवली, थप्प्या मोजल्या, पत्रक तयार झालं. ते पत्रक अगदी बरोबर होतं.

राहिलं एवढंच की त्या दिवशीचा गेटच्या वहीतला शेवटचा आवक क्रमांक कुणी टिपून घेतला नाही. मोजणीला गेलं की पहिलं काम तेच, हे आमच्या ऑडिट प्रोग्रॅममध्ये छापलेलं आहे, पाठ्यपुस्तकातही आहे. पण फोनच्या कॅमेऱ्यात गेट येत नव्हतं. आणि सप्टेंबरमध्ये कट-ऑफच्या रकान्यासमोर टिक मारली ती सॉफ्टवेअरचा निकाल बघून.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुमच्या त्या व्हिडिओत दादांनी चहा दिला होता का पोराला?" मी जरा चिडलेच. नंतर कळलं, त्यांनी टोमणा मारला नव्हता.

फाइलमधला देखणा परिच्छेद

या प्रकरणात आणखी एक चूक आहे, आणि मला तिची जास्त भीती वाटते. विक्रीच्या तुलनेत कच्च्या मालाचा वापर आदल्या वर्षी ६१.२ टक्के होता, या वर्षी ६३.९ दिसत होता. आठ कोटींच्या उलाढालीत हा फरक डोळ्यात भरणारा आहे. त्याला तो दिसला होता. त्याने फाइलमध्ये कारणही लिहिलं होतं: पोलादाच्या किमती वाढल्यामुळे. सफाईदार इंग्रजीत, चार ओळींत, जागतिक बाजारपेठेच्या उल्लेखासकट. मी ते वाचलं आणि पुढचं पान उलटलं.

त्याच फाइलमध्ये त्याच कंपनीची बिलं होती. एप्रिल २०२३ मध्ये प्लेट ६१ रुपयांनी घेतलेली, मार्च २०२४ मध्ये ५६ रुपयांनी. किमती उतरल्या होत्या.

विचारल्यावर त्याने लपवलं नाही. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, एका फुकटच्या एआय चॅटमध्ये टाकून 'गुणोत्तर का वाढलं असेल?' असं विचारलं होतं. कंपनीचं नाव काढलं होतं, पण पुरवठादारांची आणि ग्राहकांची नावं तशीच गेली होती. यंत्राने शक्यता म्हणून चार कारणं दिली, त्यांतलं पहिलं त्याने उचललं. कारण चुकीचं होतं, पण बेताल नव्हतं. कुठल्याही फॅब्रिकेशन कंपनीच्या कुठल्याही वर्षाला ते शोभलं असतं.

सीए कायदा १९४९ चा. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, पहिल्या भागातल्या पहिल्याच कलमात, ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं हे गैरवर्तन ठरवलंय. चॅटचं यंत्र म्हणजे 'बाहेर' का, यावर वाद घालता येईल. मला घालायचा नव्हता. मी मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "माझे आकडे बँकेकडे आहेत, जीएसटीकडे आहेत, आयकरकडे आहेत. आकड्यांचं काय एवढं? माझं गिऱ्हाईक कोण ते शेजारच्या प्लॉटवाल्याला कळू नये, एवढं बघा." आम्ही ज्याला गोपनीयता म्हणतो आणि ते जिला म्हणतात, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी समजलं.

मुलाला रागावले का? थोडी. पण सही माझी होणार होती, परिच्छेद मी वाचला होता. भाषा चांगली आहे म्हणून मी थांबले नाही. मोडक्या इंग्रजीत लिहिलं असतं तर नक्की विचारलं असतं, 'हे कुठून आणलं?' शिकाऊ मुलाच्या अडखळत्या वाक्यावरून त्याला काय कळलंय आणि काय नाही हे ओळखायची आम्हाला सवय होती. ती खूण आता पुसली गेली. अन् हे काही फक्त पोरासोरांचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. तेव्हापासून फाइलमध्ये निवाडा आला की मी त्याची प्रत मागते.

टिक गेली त्याचं दुःख नाही

या प्रकरणानंतर ऑफिसात वाद झाला. माझा भागीदार म्हणाला, वर्षातून एक ऑडिट पूर्वीसारखं हाताने करू, म्हणजे मुलांची नजर तयार होईल. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. आर्टिकल मात्र सरळ म्हणाला, "मॅडम, तुम्ही ९६ साली हिरव्या पेन्सिलीने टिक मारायचात, त्यातून नेमकं काय शिकलात ते सांगा ना."

मी सांगायला बसले आणि अडखळले. नजर तयार झाल्याचे किस्से आम्ही सगळेच सांगतो. काकांचा ठरलेला किस्सा असा की एका टेम्पोवाल्याची वर्षभराची भाड्याची बिलं लागोपाठच्या क्रमांकांची होती, म्हणजे त्याला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणजे बिलबुक विकत आणून बिलं घरी लिहिलेली. किस्सा खरा आहे. पण लागोपाठचे क्रमांक हुडकणं हे काम आमचं सॉफ्टवेअर दोन सेकंदांत करतं आणि ते कंटाळत नाही. मी तीन वर्षांत मारलेल्या हजारो टिकांपैकी बऱ्याचशा अर्धवट झोपेत मारलेल्या आहेत. जेवणानंतरच्या टिकांना तर काही अर्थच नसायचा.

मग शिकले कुठे? वागळे इस्टेटमध्ये एका औषध कंपनीच्या हिशेबखात्यात कोपऱ्यातल्या टेबलावर बसून. फाइली ऑफिसात आणता येत नसत, म्हणून आम्हालाच तिकडे जाऊन दहा-दहा दिवस बसावं लागे. तिथं स्टोअरवाला येऊन हिशेबनिसाशी भांडायचा. कुणाचा ओव्हरटाइम मालक टाळतोय हे कळायचं. 'ती गाडी परत पाठवली, तरी बिल आलंच' हे कुणीतरी कुणालातरी म्हणताना कानावर पडायचं. टिक मारणं हे तिथं बसायचं निमित्त होतं.

कागद स्कॅन होऊन आला तेव्हा निमित्त संपलं, आणि बसणंही. ते सॉफ्टवेअरने केलं नाही. ते २०२० मध्येच झालं होतं, टॅलीचा बॅकअप मेलवर यायला लागला तेव्हा. २०२३ मध्ये फक्त उरलेलं काम वेगाने व्हायला लागलं. म्हणून हाताने वाउचिंग परत आणायचा ठराव मी फेटाळला. टिक मारायची शिक्षा देऊन नजर येत नाही.

मग काय केलं

वाचलेल्या बारा दिवसांपैकी चार दिवस प्रत्येक कारखान्याच्या नावावर परत लिहिले. मुलाने तिथं जाऊन बसायचं. ३१ मार्चच्या मोजणीला समक्ष जायचं, गेटच्या वहीतला शेवटचा क्रमांक स्वतःच्या हाताने टिपायचा. नमुना निवडायचा तो वहीतून पुस्तकाकडे, म्हणजे गेटची नोंद धरून बिल शोधायचं. बिल धरून गेट शोधलं तर जे बिलात आहे तेवढंच सापडतं. आणि सॉफ्टवेअरचा निकाल उघडण्याआधी अर्ध्या पानावर मराठीत, चुकत का होईना, लिहायचं: या वर्षी माल किती लागला असावा, का, आणि हे मला कुणी सांगितलं.

हे सगळं झकास जमलं असं नाही. २०२४-२५ च्या ऑडिटला सहा कारखान्यांत मुलं बसली. चार ठिकाणी काहीही निघालं नाही. एका मुलीला तुर्भ्याच्या कारखान्यात बसायला धड खुर्चीसुद्धा दिली नाही, ती दोन दिवस जिन्यावर लॅपटॉप घेऊन बसली आणि तिसऱ्या दिवशी मी तिला परत बोलावलं. एक मुलगा चारही दिवस मोबाइल बघत बसला असावा, असा मला दाट संशय आहे. एका ठिकाणी मात्र भंगाराची एक रोख विक्री हिशेबाबाहेर राहिल्याचं निघालं. कुठल्या पोर्टलवर ती येणार होती? चार दिवसांचा खर्च फीमध्ये मागितला तर सहापैकी एकाच ग्राहकाने मान्य केला.

अर्ध्या पानाचा उपक्रम पहिल्या महिन्यातच गळपटला होता. मुलं ते पानही चॅटकडूनच लिहून घेत होती, आणि 'मराठीत लिहा' म्हटलं तर यंत्र मराठीतही लिहून देतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. शेवटची अट, 'हे मला कुणी सांगितलं', ती मात्र टिकली. तिथं माणसाचं काम लिहावं लागतं: स्टोअर, गेट, सुपरवायझर. खोटं लिहिलं तर पुढच्या भेटीत पकडलं जातं.

कळव्याच्या मुलाची दोन वर्षं फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. जाताना त्याने नव्या आर्टिकलसाठी रबाळ्याचा एक कागद लिहून ठेवला. त्यात गुणोत्तरं नव्हती. गेटवर सकाळी कुणी बोलत नाही, गाड्या तीन नंतर उतरतात तेव्हा जा. काटा कंपनीचा नाही, बाहेरचा आहे, पावती ड्रायव्हरकडून दादा घेतात, हिशेबनीस नव्हे. नव्या हिशेबनिसाला बिल लवकर चढवायची घाई असते.

दादा येत्या वर्षी निवृत्त होणार आहेत. मालकांनी गेटसाठी ॲप घ्यायचं ठरवलंय: गाडी आली की नंबरप्लेटचा फोटो, वजन थेट काट्यावरून, नोंद सरळ टॅलीत. परवा फोनवर उत्साहाने सांगत होते, की आता आवकसुद्धा तुमच्या सॉफ्टवेअरला जोडता येईल. मी म्हटलं, छान, जोडू या.

"मग आता पोरगा पाठवायला नको ना?"

"पाठवणार."

ते हसले. म्हणाले, "पाठवा. चहा देऊ. फी नाही वाढवणार."